सामुदायिक तळ्यातील शेवाळ आणि दुर्गंधी यांवर उपाय करताना

तळे हिरवे पडून वास मारू लागले की औषध टाकण्याची घाई होते. परंतु शेवाळाला पोसणारे फॉस्फरस आणि नायट्रोजन काठावरून येतच राहिले, तर मारलेले शेवाळ काही आठवड्यांत पुन्हा माजते. म्हणून हिरवळीवर टाकलेले खत, कापलेले गवत, सांडपाण्याची गळती, बदकांना टाकलेले खाद्य यांपैकी काय पाण्यात उतरते, हे जोरदार पावसात काठाने फिरून पाहावे. काठालगतचा ३ ते ५ मीटरांचा पट्टा न कापता वाढू दिल्यास वाहून येणारी माती आणि खत बऱ्याच अंशी तेथेच अडते.

दुर्गंधीचे मूळ बहुधा तळाशी असते. उन्हाने तापलेले वरचे पाणी खालच्या थंड पाण्यात मिसळेनासे होते, तळाचा ऑक्सिजन संपतो आणि गाळातून सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघतो; शिवाय गाळात अडकलेला फॉस्फरसही मोकळा होऊन शेवाळाच्या वाट्याला येतो. त्यामुळे खोल तळ्यात शोभेच्या कारंज्यापेक्षा तळाशी हवा सोडणारा डिफ्यूझर अधिक कामाचा. मात्र तो ऐन उन्हाळ्यात एकदम दिवसभर चालवू नये, कारण तळाचे ऑक्सिजनहीन पाणी अचानक वर येऊन मासे मरू शकतात. पहिल्या दिवशी अर्धा तास चालवून वेळ रोज दुप्पट करावी. विरघळलेला ऑक्सिजन पहाटे, म्हणजे तो सर्वांत कमी असताना मोजावा आणि तो लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर राहील असे पाहावे.

शेवाळ ओळखण्यासाठी काठी फिरवावी. ती लांब तंतूंनी गुंडाळली गेली, तर दाताळ्याने शेवाळ ओढून काढता येते; ढीग मात्र काठावर कुजू देऊ नये. काठीला हिरव्या रंगात बुडवल्यासारखा लेप बसला, तर ते विषारी असू शकणारे नील-हरित शेवाळ समजून मुले आणि पाळीव प्राणी दूर ठेवावेत व पाण्याची तपासणी करून घ्यावी.

मोरचूद, म्हणजे शेवाळ मारणारे कॉपर सल्फेट, हा अगदी शेवटचा उपाय आहे. परवानगी असेल तरच, लेबलवरील मात्रेनुसार, एका वेळी फार तर एक तृतीयांश तळ्यात तो वापरावा आणि पुढचा भाग दहा ते चौदा दिवसांनी घ्यावा, कारण एकदम मेलेले शेवाळ कुजताना माशांचा ऑक्सिजन खाऊन टाकते. नील-हरित शेवाळावर तो स्वतःहून टाकूच नये. पेशी फुटून आतील विष पाण्यात उतरते.