द्राक्षबागेचा प्रश्न गूगलवर टाकल्यावर फोरमवरची उत्तरं कशी तपासावीत

ऑक्टोबर छाटणी झाली, बाग पोंग्यात (कोवळी फूट निघण्याच्या अवस्थेत) आली आणि नेमका पाऊस झाला, की नाशिकच्या दिंडोरी-निफाडकडे रात्री मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. पानावर डाग दिसतायत, काय फवारू? आता निकालांत रेडिट, कोरा अशा फोरमवरच्या, म्हणजे लोकांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांवरच्या, चर्चा बऱ्याच वर येतात. गूगलने २०२२ मध्ये चर्चांसाठी निकालांत वेगळी जागा केली, २०२३ मध्ये लोकांच्या स्वानुभवाच्या मजकुराला वर आणायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये रेडिटशी मजकूर वापरण्याचा करार केला.

अनुभवी माणसाचं उत्तर कामाचं असतंच. पण आपल्याकडची खरी चर्चा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि फेसबुकच्या बंद गटांत चालते, आणि तिथलं गूगलला वाचता येत नाही. त्यामुळे वर येतो तो बहुतेक वेळा कॅलिफोर्नियाचा किंवा युरोपचा बागायतदार.

इथेच मोठी चूक होते. द्राक्षावर डाउनी आणि भुरी हे दोन वेगळे बुरशीचे रोग येतात, आणि इंग्रजीत दोघांनाही ‘मिल्ड्यू’च म्हणतात. डाउनीला पाऊस-ओल लागते. कॅलिफोर्नियात उन्हाळा कोरडा, म्हणून तिथे डाउनी क्वचित. तिथला माणूस नुसतं ‘मिल्ड्यू’ लिहितो तेव्हा त्याच्या मनात भुरी असते, आणि तो गंधक मारायला सांगतो. गंधक भुरीवर चालतं, डाउनीवर नाही. पावसात ते मारून दोन-तीन दिवस वाट पाहिली, तर तेवढ्यात डाउनी घडात शिरलेली असते.

म्हणून शोधण्याआधी पान उलटून पाहा. वर तेलकट पिवळा डाग आणि बरोबर त्याच्याखाली पांढरी बुरशी असेल तर डाउनी. राखेसारखी पावडर असेल आणि बोटाने पुसली जात असेल तर भुरी. शंका राहिली तर पान ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. डाउनी असेल तर सकाळी डागाखाली पांढरी बुरशी उगवलेली दिसते. मग शोधताना ‘मिल्ड्यू’ न लिहिता शास्त्रीय नाव इंग्रजीत, दुहेरी अवतरणात टाका: डाउनीसाठी प्लास्मोपारा विटिकोला, भुरीसाठी एरिसिफी नेकेटर. निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

फक्त चर्चा हव्या असतील तर निकालांच्या वरच्या पट्टीत ‘फोरम’ निवडा. सरकारी माहिती (भारतीय कृषी संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएआरची) हवी असेल तर प्रश्नापुढे इंग्रजीत ‘साइट’, लगेच कोलन आणि आयसीएआर डॉट गव्ह डॉट इन असं लिहा. कोलननंतर जागा सुटली तर ही युक्ती चालत नाही. पुण्याजवळ मांजरी इथे असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा मजकूर असाच सापडतो. निकालात दिसणारी तारीख उत्तराचीच असेल असं नाही, म्हणून पान उघडून प्रत्येक उत्तराची तारीख पाहा.

छाटणीबद्दलचे परदेशी सल्ले सरळ सोडून द्या. तिथे वेल थंडीत झोपते आणि वर्षाला एकच मुख्य छाटणी होते. आपली एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी हे वेळापत्रक त्यांच्या गावीही नसतं.

प्रमाण तर जसंच्या तसं कधीच उचलू नका. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ चा. गॅलनला १ औंस म्हणजे अमेरिकन मापाने लिटरला साधारण साडेसात ग्रॅम, ब्रिटिश मापाने सव्वासहा. शिवाय एकाच नावाच्या औषधात घटकाचं प्रमाण देशागणिक वेगळं असू शकतं. फोरमवरून फक्त घटकाचं नाव घ्या. मात्रा, द्राक्षासाठीचं लेबल क्लेम (ते औषध द्राक्षावर वापरायला मान्यता आहे का) आणि काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवायची हे आपल्याकडच्या बाटलीच्या लेबलवरच वाचा. निर्यातीचा माल असेल तर यातली एक चूकही औषधांच्या अवशेष तपासणीत उघडी पडते.

सगळ्यात वर येणाऱ्या एआयच्या सारांशालाही हेच लागू. मे २०२४ मध्ये त्याने पिझ्झ्यावरचं चीज घट्ट बसावं म्हणून सॉसमध्ये कागद चिकटवायचा डिंक घालायला सांगितलं होतं. मुळात ती रेडिटवरची अकरा वर्षं जुनी थट्टा होती. सारांशाखालचा दुवा उघडल्याशिवाय त्यातला आकडा पंपात ओतू नका.

स्वतः विचारायचं असेल तर खुल्या जागी, मराठीत विचारा, म्हणजे पुढच्याला शोधात सापडेल. तालुका, वाण, छाटणीला किती दिवस झाले, शेवटचा पाऊस कधी, आतापर्यंत काय फवारलं, आणि पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, एवढं द्या. आठ दिवसांनी त्याच ठिकाणी परत येऊन कशाने फरक पडला आणि कशाने नाही, तेही लिहा.