सगळ्यात ग्रेट रॉक बँड ठरवायचा तर आधी हे बघा

या वादात कोणीतरी लगेच एकूण विक्रीचे आकडे काढतं, पण त्यातून बँड किती मोठा झाला ते कळतं, किती टिकला ते नाही, आणि आकड्यांतही गोची असतेच. अमेरिकेत प्लॅटिनम (10 लाख विक्रीचा मान) देताना डबल अल्बमची, म्हणजे दोन रेकॉर्डच्या सेटची, एक कॉपी दोन धरतात, म्हणून पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' 23 वेळा प्लॅटिनम दिसतो, विकलेले सेट मात्र त्याच्या निम्मेच.

त्यापेक्षा बँड फुटला कधी किंवा मेन माणूस गेला कधी ते वर्ष शोधा आणि त्याच्या पुढचंच बघा. बीटल्स 1970 ला फुटले, 2000 मध्ये त्यांच्याच जुन्या हिट गाण्यांचा '1' नावाचा अल्बम आला आणि तो कितीतरी देशांत एक नंबरला गेला. क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' 1975 ला ब्रिटनमध्ये 9 आठवडे टॉपला होतं, 1991 ला त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी गेल्यावर परत टॉपला, आणि अमेरिकेत आधी नवव्या नंबरवर अडकलेलं तेच गाणं 1992 ला एका सिनेमामुळे दुसऱ्यावर.

आता सिनेमा, सिरीज, मृत्यू यामुळे गाणं उसळतंच, तर ती उसळी मोजू नका, ती ओसरल्यावर लोक ऐकतायत का ते मोजा.

चार्टवर किती वर गेला यापेक्षा किती राहिला हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' अमेरिकेत एक नंबरला फक्त 1 आठवडा होता, पण 1973 ते 1988 मध्ये त्याने चार्टवर 741 आठवडे काढले, याला म्हणतात टिकणं! सिंगल्सच्या (सुट्या विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या) चार्टवर तर अजिबात विसंबू नका, लेड झेपेलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' तिकडे तेव्हा सिंगल म्हणून विकायलाच काढलं नव्हतं, मग चार्टवर दिसणार कुठून.

अजून एक सोपी टेस्ट, स्ट्रीमिंग ॲपवर बँडची टॉप 10 गाणी उघडा आणि ती किती वेगवेगळ्या अल्बममधली आहेत बघा, सगळा भार एकाच गाण्यावर असेल तर पॉप्युलर ते गाणं आहे, बँड नाही.

टूरच्या कमाईला मी फार किंमत देत नाही, तिकिटं महाग झाली की आकडा आपोआप फुगतो. त्यापेक्षा नवीन गिटार हातात आलेली पोरं काय वाजवतात बघा, डीप पर्पलचा 1972 चा 'स्मोक ऑन द वॉटर'चा रिफ (गिटारची परत परत येणारी छोटी धून) आजही त्यात असतोच, आणि याचे मार्क मी तरी सढळ हाताने देतो.