शाडूवर फिरणारी मुद्रा: सुमेरी दंडगोल मुद्रा घरी कशी कोरावी

गणपती झाले की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घराघरांत डबाभर शाडू उरतो. ठसा उठवायला तो उत्तम. दंडगोल मुद्रा, म्हणजे भोवताली चित्र कोरलेला छोटा रूळ, मेसोपोटेमियात (आजच्या इराकच्या भागात) इ.स.पू. 3500च्या सुमारास आली. ती मातीच्या पाटीवर, रांजणाच्या तोंडावर, कोठाराच्या दारावरच्या मातीच्या गोळ्यावर फिरवत. त्या मुद्रा बहुधा दोन-चार सेंटीमीटर उंचीच्या, संगजिरे, हेमेटाइट, लाजवर्द अशा दगडांच्या. आपण प्लास्टर घेऊ. खंभातच्या अकीकाचा मोह आवरा. तो फार कठीण, साध्या सुईने कोरला जात नाही.

20 मिमी आतल्या व्यासाचा वायरिंगचा पाइप 40 मिमी कापा, उभी चीर द्या, आतून तेल लावा, चीर चिकटपट्टीने बांधा. शाडूच्या चकतीवर उभा करून मधोमध तेल लावलेली विणकामाची सुई रोवा. 20 मिली पाण्यात 30 ग्रॅम प्लास्टर भुरभुरवा, मिनिटभर भिजू द्या, मग हळू ढवळून ओता. जोरात घोटले तर बुडबुडे राहतात आणि नेमके चेहऱ्यावर भोक पडते. प्लास्टर घट्ट धरले की लगेच सुई फिरवून काढा. उशीर केला तर निघत नाही. पाऊण तासाने साचा उघडा.

घेर 63 मिमी होतो. तेवढ्या लांबीच्या ट्रेसिंग कागदावर मऊ पेन्सिलने चित्र काढा: सिंहासनावर देव, समोर भक्ताचा हात धरून त्याला पुढे नेणारी देवी. सुमेरमधल्या ऊर नगराच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळात, इ.स.पू. 2100–2000च्या आसपास, हा प्रसंग फार चालायचा. दोन्ही टोके जुळतात तिथे आकृती तुटू देऊ नका. कागद मुद्रेवर पालथा घालून घासा. चित्र आपोआप उलटे उतरते आणि ठशात सुलटे येते. क्युनिफॉर्म, म्हणजे सुमेरी कीलाकार लिपीची, अक्षरेही याच वाटेने.

खरी कसोटी खोलीची. पोट, मांडी, खांदा चमच्यासारखे दीड-दोन मिमी खोल घ्या. हात, दाढी, झग्याच्या चुण्या फक्त सुईच्या रेघा. सगळे सारख्या खोलीने कोरले तर ठसा पापडासारखा सपाट दिसतो. खाच तोंडाशी रुंद, तळाशी अरुंद हवी. आत वळलेल्या कडेत शाडू अडकून तुटतो. प्लास्टर कोरडे पडून टवके उडू लागले तर ओला ब्रश फिरवा. मधूनमधून शाडूच्या गोळीवर दाबून पाहत जा, कारण खाचेकडे पाहून उठाव कळत नाही.

दोन दिवस वाळवून स्पिरिटमधल्या चपडा लाखेचे दोन पातळ हात द्या. नाहीतर प्लास्टर शाडूतले पाणी शोषते आणि मुद्रा चिकटते.

10 मिमी जाडीच्या दोन पट्ट्यांमध्ये शाडू लाटण्याने लाटून 150 मिमी लांब पोळी करा. बोट दाबल्यावर रेषा उमटाव्यात, पण माती बोटाला लागू नये. मुद्रा तळहाताखाली सलग दोन फेरे न्या. मध्ये थांबलात तर आडवी खूण राहते. सुरुवातीलाच घसरली तर दुहेरी ठसा. गोळा मळून पुन्हा लाटा.

ठसे वर्तमानपत्राखाली सावलीत वाळवा, रोज पालटा. पंख्याखाली कडा वर वळतात. भट्टीत टाकायचे असतील तर कुंभाराची माती घ्या, शाडू नको.