सहीची खेळणी लिलावात काढताना: लाकडी आंब्यापासून पावतीपर्यंत

लिलाव कोकणाला नवा नाही. देवापुढे आलेला नारळ, केळीचा घड किंवा फणस बोलीवर काढायची रीत गावोगावी आहे. गोव्याच्या बाजूला तिला पावणी म्हणतात. तिथे नारळाला बाजारभावाच्या कितीतरी पट पैसे मोजतात, कारण तो देवापुढून उचललेला सगळ्यांनी पाहिलेला असतो. नामवंतांच्या सहीचं खेळणं विकून शाळेसाठी किंवा रुग्णवाहिकेसाठी पैसे उभे करायचे असतील, तर गणित तेच. सही करताना पाहिलं कोणी, हे दाखवता आलं की बोली चढते. एरवी ते शाईचा डाग पडलेलं खेळणं.

आधी कागद

पैसे नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाच्या बँक खात्यातच घ्या, कोणा कार्यकर्त्याच्या खात्यात नकोत. न्यास नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून निधी गोळा करण्याची परवानगी काढा. गणेशोत्सव मंडळं काढतात तीच. आणि लिलावाला जोडून लकी ड्रॉ ठेवायचा मोह टाळा. तिकीट विकून सोडत काढली की लॉटरीचे कायदे लागतात.

सही करणाऱ्याकडून एक पानाचं संमतिपत्र घ्या: किती नगांवर सही, पैसा कशासाठी, फोटो जाहिरातीत वापरायचा की नाही. फोटोची परवानगी गृहीत धरू नका. भांडणं इथेच होतात.

खेळणं कुठलं

सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं या कामाला उत्तम. आंबा, सीताफळ, केळी सगळ्यांच्या ओळखीची, आणि नग फार महाग नाही. घेताना खालची बाजू बघा. बारीक भोकं आणि पिठासारखी भुकटी दिसली तर आत कीड आहे, तो नग परत करा. सीताफळ दिसायला छान, पण खडबडीत, सही बसत नाही. आंबा किंवा वांगं घ्या.

डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूच्या) गाड्या, सिनेमातल्या पात्रांच्या बाहुल्या घेतल्या तर मूळ खोका जपा. संग्राहक खोक्याचेही पैसे देतो. कोपरा चेपला की भाव पडतो.

सही कोणाची मिळवायची? मालिकेतला चेहरा मिळाला तर उत्तमच, पण कुडाळ-वेंगुर्ल्यात लिलाव असेल तर गाजलेल्या दशावतारी नटाला कमी लेखू नका. बोली लावणारे त्याला रात्र-रात्र बसून बघत आलेले असतात.

सही

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते बहुतेक वेळा चुकीच्या पेनामुळे.

लाकडी खेळण्याचा रंग लाखेचा आहे की ऑइलपेंटचा, हे आधी तपासा. कापसाच्या बोळ्याला थेंबभर स्पिरिट लावून खेळण्याच्या बुडाला हलकेच घासा. रंग बोळ्यावर उतरला तर लाख. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पूर्ण वाळलेला ऑइलपेंट असेल तर बोळा जवळजवळ कोरा राहतो. लाखेचं खेळणं सॅनिटायझरने पुसायचं नाही आणि त्यावर साधा परमनंट मार्करही चालवायचा नाही. त्याची शाई बहुधा अल्कोहोलवरचीच असते, ती खालची लाख मऊ करते आणि रेघ पसरते. लाखेला पाण्यावर आधारित ॲक्रिलिक पेंट मार्कर वापरा. ऑइलपेंट, धातू आणि प्लॅस्टिक यांना ऑइलबेस पेंट मार्कर. मऊ प्लॅस्टिकवर परमनंट मार्करची सही पहिल्या दिवशी सुरेख दिसते, पण महिने गेले की कडेने फुटत जाते.

टोक १ ते २ मिमीचं. पिवळ्या आंब्याला काळं पेन, गडद वांग्याला सोनेरी किंवा रुपेरी. पेन हलवून, टोक दाबून रद्दीवर चार रेघा ओढून मगच पाहुण्याच्या हातात द्या. पहिला थेंब हमखास सांडतो. प्रत्येक रंगाची दोन पेनं आणि सही न झालेले दोन-तीन जादा नग जवळ असू द्या.

गोल आंबा टेबलावर घरंगळतो. घागरीखाली घेतात तशी कापडाची चुंबळ करून त्यात तो बसवा, मान पाहुण्याच्या डाव्या हाताकडे, सपाट गाल वर. एका हाताने धरून दुसऱ्याने सही सरळ येते. नगांना आधीच क्रमांक द्या आणि सही होताना व्हिडिओ असा काढा, की चेहरा, हात आणि बुडाचा क्रमांक एकाच सलग चित्रीकरणात येतील. प्रमाणपत्रावर तोच क्रमांक, तारीख, ठिकाण, न्यासाचा शिक्का. नुसतं ‘अस्सल सही’ असं छापलेलं प्रमाणपत्र कोणीही छापू शकतो.

सही दहा मिनिटांत वाळल्यासारखी वाटते, तरी २४ तास हात लावू नका. वरून वार्निशचा फवारा मारायची हौस नको; त्यातलं द्रावण सही ओढतं. बबलरॅप थेट लावला तर ताज्या रंगावर फुग्यांचे ठसे उठतात, म्हणून आधी बटरपेपर, मग बबलरॅप. पावसाळ्यात ठेवायचंच असेल तर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह. उन्हात मात्र नको, सही फिकी होते.

लिलावाची संध्याकाळ

दिवस शिमग्याचा, मे महिन्याचा किंवा गणपतीचा धरा. चाकरमानी गावात असतात, खिसाही सैल असतो. नग २५ च्या वर नकोत. एकाला तीन-चार मिनिटं धरली तरी दीड तास जातो, आणि शेवटच्या एसटीकडे डोळे लागले की बोली बसते. म्हणून सगळ्यात मोठा नग शेवटी न ठेवता सोळाव्या-सतराव्या क्रमांकाला काढा.

किमान किंमत ठरवताना खेळणं, पेन, प्रमाणपत्र यांचा खर्च निघालाच पाहिजे. पुढे १,००० पर्यंत १०० ची वाढ, ५,००० पर्यंत २५०, त्यापुढे ५०० ची. ही वाढ फळ्यावर लिहा, नाहीतर दहा-दहा रुपयांनी चढाओढ चालते आणि गंमत संपते. बोली लावणाऱ्याचं नाव, फोन घेऊन आधीच क्रमांकाचं पान द्या. मुंबईहून येऊ न शकणाऱ्याची कमाल बोली बंद लखोट्यात घ्या.

पुकारणारा एक, नोंद करणारे दोन. ‘एक वार, दोन वार, तीन वार’ झाल्यावर जिंकणाऱ्याबरोबर दुसऱ्या क्रमांकाचीही बोली लिहा. भरात हात वर करून नंतर पैसे न देणारा एखादा निघतोच. तेव्हा नग कोणाला विचारायचा हे वहीत सापडतं. क्यूआर कोड लावाच, पण सभामंडपात रेंज नसली तर यूपीआय अडकतं. पैसे आल्याचं खात्यात दिसल्याशिवाय नग हातात देऊ नका.

वस्तूला गोष्ट असली की भाव कुठवर जातो याचा नमुना: महेंद्रसिंह धोनीने २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात विजयी षटकार मारला ती बॅट त्याच वर्षी लंडनमधल्या धर्मादाय लिलावात १ लाख पौंडांना गेली. तुमच्या आंब्याला तेवढे मिळणार नाहीत, पण पुकारणाऱ्याने प्रत्येक नगाची दोन वाक्यं पाठ केलेली हवीत: सही कुठे झाली, कोणाच्या हातून आली.

हिशेब

बोली जिंकून वस्तू नेणं ही खरेदी आहे. पूर्ण रकमेची, देणगीवर करसवलत मिळवून देणारी (८०जीची) पावती फाडून देऊ नका; जाहिरातीत करसवलतीचा शब्द घालण्याआधी सनदी लेखापालाला विचारा. वेगळी देणगी कोणी दिली तर ती धनादेशाने किंवा ऑनलाइन घ्या, कारण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही. पंधरा दिवसांत जमा, खर्च आणि संस्थेला दिलेली रक्कम देवळाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

न विकलेला नग दुसऱ्या दिवशी कमी भावात देऊन टाकू नका. आदल्या रात्री पुरी बोली मोजलेला माणूस ते ऐकतो, आणि पुढच्या वर्षी हात वर करत नाही. डब्यात ठेवा, गणपतीत पुन्हा काढा.