काउंटरवर कोणी नसताना: सभासदांनी चालवायच्या क्लायंबिंग वॉलची तयारी

शहरात चार-सहा क्लायंबर एकत्र आले आणि आपली स्वतःची वॉल असावी असं ठरलं, की पहिली चर्चा रंगते ती भिंतीच्या कोनाची आणि होल्डची, म्हणजे भिंतीवर हातापायांनी धरायच्या तुकड्यांची. ती खुशाल करा, पण यादीत ती बरीच खाली येते. सभासदांनी चालवायच्या जागेत काउंटरवर कोणी बसलेलं नसतं, आणि बाकी सगळं यावरूनच ठरतं. रात्री साडेआठला दोघं चढत असतात, तिसरा स्वतःच कुलूप उघडून आत येतो, आणि कोणाचं काही चुकत असेल तर टोकायला पगारी माणूस हजर नसतो. त्यामुळे जागा, उंची, गाद्या, विमा, किल्ल्या अशा प्रत्येक बाबतीत एकच प्रश्न विचारत राहा: लक्ष ठेवायला कोणी नसताना हे नीट चालेल का?

या प्रश्नाने पहिला निर्णय लगेच होतो. दोराची भिंत नको, बोल्डरिंग करा, म्हणजे दोराशिवाय, कमी उंचीवर, खाली गाद्या टाकून चढणं. दोर आला की बिले देणाऱ्याची, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याची, परीक्षा घेणं आलं, हार्नेस (कमरेचे पट्टे) आणि दोरांच्या वयाच्या नोंदी आल्या, वर दोर अडकवायच्या अँकरची तपासणी आली. ऑटो-बिले (दोर आपोआप सांभाळणारं यंत्र) लावला तर जोडीदार लागत नाही, पण त्याच्या गंभीर अपघातांत एक प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो: चढणारा क्लिप लावायलाच विसरतो आणि वर पोहोचल्यावर बिनधास्त हात सोडतो. मुरलेल्या क्लायंबरकडूनही हे घडलेलं आहे. जर्मन अल्पाइन क्लबच्या शाखा दोराच्या मोठमोठ्या भिंती चालवतात हे खरं, पण त्यांच्यामागे जुनी, भक्कम संघटना आहे. नव्या गटाने तिथून सुरुवात करू नये. आणि लहान जागेबद्दल मन खट्टू करून घेण्याचं काहीच कारण नाही. १९६४ मध्ये डॉन रॉबिन्सन यांनी लीड्स विद्यापीठात उभारलेली भिंत म्हणजे एका बोळाच्या विटांमध्ये बसवलेले दगड होते, आणि आधुनिक कृत्रिम भिंतींच्या इतिहासात तिचं नाव पहिल्या काहींमध्ये घेतलं जातं.

जागा शोधण्याआधी माणसं मोजा. 'मी नक्की येईन' म्हणणारे मोजू नका. अनामत भरायला आणि महिन्याला ठरावीक तास काम करायला लेखी तयार असलेले मोजा. हा आकडा पहिल्यापेक्षा बराच लहान निघतो आणि पुढचा सगळा हिशोब त्याच्यावरच करायचा असतो. मग कायदेशीर रूप ठरवा: सहकारी संस्था, नोंदणीकृत मंडळ की ना-नफा कंपनी. प्रत्येक देशात पर्याय वेगळे, पण हेतू एकच, भाडेकरार आणि देणी कोणा एकाच्या नावावर राहू नयेत. मतदानाबाबत रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये सहकारी दुकान काढताना घालून दिलेला मार्ग आजही उत्तम आहे: एका सभासदाला एक मत, मग त्याने पैसे कितीही घातलेले असोत. ज्याने जास्त पैसे दिले त्याचं देणं कर्ज म्हणून स्वतंत्र लिहा आणि फेडीचं वेळापत्रक त्यातच घाला. संस्था बंद करायची वेळ आली तर होल्ड, गाद्या आणि शिल्लक यांचं काय करायचं, तेही याच कागदावर हवं. सगळ्यांचं एकमेकांशी चांगलं असतं तेव्हाच हे लिहून होतं.

विम्याची चौकशी भाडेकरारावर सही करण्याआधी करा. विमा कंपनीला 'क्लायंबिंग जिम' एवढंच सांगून चालणार नाही. दिवसातले बरेच तास जागेत कोणी कर्मचारी नसेल, सभासद स्वतः उघडून आत येतील, भिंत गटाने स्वतः बांधलेली असेल, हे सगळं लेखी कळवा आणि उत्तरही लेखी घ्या. काही कंपन्या इथेच मागे हटतात, काही उंचीची किंवा तपासणीची अट घालतात. ती अट आराखड्यात आधीच आली तर भिंत पुन्हा बांधावी लागत नाही. सभासदांकडून जोखीम मान्य असल्याचं पत्र जरूर घ्या, पण त्याला विम्याची जागा देऊ नका. अनेक देशांत निष्काळजीपणामुळे झालेल्या इजेची जबाबदारी सही घेऊन टळत नाही.

आता जागा. तळमजला मिळत असेल तर थोडं जास्त भाडं देऊनही तोच घ्या. वरच्या मजल्यावर माणूस गादीवर पडल्याचा धपकन आवाज खालच्यांना रोज संध्याकाळी ऐकू जातो, आणि भिंत, गाद्या, माणसं मिळून स्लॅबवर किती भार येतो याचा वेगळा हिशोब करावा लागतो. इमारतीचा वापर बदलायला परवानगी लागते का, आगीच्या वेळी बाहेर पडायचे मार्ग किती, स्ट्रेचर दारातून वळतं का, हे पहिल्याच भेटीत पाहा. छताची उंची मोजताना तुळई, पंखे आणि पाइपांच्या खालून मोजा. करारात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: इमारतीच्या खांबा-भिंतींना बोल्ट मारता येईल का, निघताना भिंत आपली राहील की घरमालकाची, आणि मुदतीआधी सोडायचं झालं तर काय. स्वतःच्या पायावर उभी राहणारी चौकट महाग पडते, पण ती उकलून दुसरीकडे नेता येते. मी तरी तिच्याच बाजूने मत देईन.

कोनाचं गणित जागेत उभं राहूनच करा, कारण कागदावर ते फसवतं. १२ फुटी, म्हणजे ३.६६ मीटरचा पृष्ठभाग उभ्या रेषेपासून ४० अंश पुढे झुकवला तर त्याची उंची जेमतेम २.८ मीटर भरते, पण त्याचं वरचं टोक पायथ्यापासून सुमारे २.३५ मीटर पुढे येतं. खाली ३० सेंटिमीटरची गादी आणि तेवढाच उभा किकबोर्ड (पायथ्याशी असलेली सरळ पट्टी) धरला तर वरच्या कडेपर्यंत ३.४ मीटर झाले. चौकटीची जाडी आणि वर पोहोचलेल्या माणसाचं डोकं यांची जागा वेगळीच. जमिनीवर त्या पुढे आलेल्या टोकाच्याही पलीकडे दोन ते अडीच मीटर गादी हवी, कारण ओव्हरहँगवर, म्हणजे अशा पुढे झुकलेल्या भिंतीवर, पाय सुटला की माणूस झोका घेऊन बाहेरच्या बाजूला पडतो. अशा एका झुकत्या पृष्ठभागाला, म्हणजे एका बोर्डालाच, पाच मीटर खोली लागते ती अशी. बोल्डरिंगच्या भिंतींसाठीचं युरोपीय मानक, ईएन १२५७२ चा दुसरा भाग, साडेचार मीटरपर्यंत उंची चालवून घेतं आणि माथ्यावर चढून उभं राहायची सोय असेल तर चार मीटर. कर्मचारी नसलेल्या जागेत मी त्या मर्यादेच्या जवळही जाणार नाही. तीन मीटरवरून पडणारा माणूस ताशी २७ किलोमीटरहून जास्त वेगाने खाली येतो. सराव कठीण करायला कोन पुरतो, त्यासाठी उंची वाढवायची गरज नाही.

चौकटीचा आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या, सहीशिक्क्यानिशी. गटात चांगला सुतार किंवा वेल्डर असेल तर बांधकाम तो करू शकतो, पण हिशोब इंजिनिअरचाच. पुढे झुकलेली भिंत वरच्या बाजूला सतत ओढ देत असते, आणि त्यात एकाच क्षणी उडी मारून होल्ड पकडणाऱ्या माणसांचा झटका येतो. वजनाची बेरीज करून हे भागत नाही.

फळ्यांबाबत थोडं तपशिलात जाऊ, कारण इथली चूक वर्षानुवर्षं पुरते. १८ मिलिमीटरचं चांगलं प्लायवूड घ्या. आठ बाय चारच्या एका शीटवर २० सेंटिमीटरच्या चौकोनी आखणीने साधारण ७२ भोकं बसतात. ती शीट चौकटीवर चढवण्याआधी, पुढच्या बाजूने पाडा, म्हणजे लाकडाचे तुसे मागे निघतील. प्रत्येक भोकात मागून टी-नट बसतो आणि होल्डचा बोल्ट त्यात आवळला जातो. टी-नट दोन तऱ्हेचे मिळतात. एकाला दाते असतात, ते हातोडीने प्लायमध्ये ठोकायचे. दुसऱ्याची चकती छोट्या स्क्रूंनी पक्की करायची. दात्यांचा स्वस्त आणि झटपट, पण कोणी बोल्ट तिरका घालून जोर लावला की दाते सुटतात, नट बोल्टबरोबर गरगर फिरायला लागतो आणि होल्ड ना आवळला जातो ना निघतो. मागे जायला वाट असेल तर पाच मिनिटांचं काम, नसेल तर पुढून प्लाय कापावं लागतं. म्हणून स्क्रूचे टी-नट घ्या, आणि भिंतीच्या मागे माणूस सरकू शकेल एवढी जागा आणि कुलूप लागणारं दार ठेवाच. त्या जागेत सामान मात्र साठवू नका. दुसरी खबरदारी मापाची. काही देशांत एम-१० चे (१० मिलिमीटरचे) बोल्ट चालतात, काही ठिकाणी ३/८ इंचाचे. ३/८ म्हणजे ९.५ मिलिमीटर, दिसायला जवळपास तेच, आणि एम-१० च्या नटात ते दोन-चार आटे जातातही. मग अडकतात आणि आटे खातात. जुने होल्ड दान मिळाले तर बोल्टांसह घेऊ नका. सगळ्या जागेत एकाच मापाचे बोल्ट असू द्या, ते माप हत्यारांच्या पेटीवर लिहा, आणि दुसऱ्या मापाचा एकही बोल्ट आत येऊ देऊ नका.

गाद्यांवर पैसे वाचवू नका. हात आखडता घ्यायचाच असेल तर होल्ड कमी घ्या. व्यायामशाळेतल्या मॅट किंवा घरातल्या जुन्या गाद्या यासाठी चालत नाहीत. खाली मऊ, हवा सोडणारा जाड फोम आणि वर घट्ट फोमचा थर अशी रचना लागते. वरचा थर भार पसरवतो आणि घोटा मुरगळू देत नाही, खालचा पडण्याचा वेग शोषतो. सगळ्यात घातक असते ती फट: दोन गाद्यांमधली किंवा गादी आणि भिंतीमधली. पाय नेमका तिथे जातो. सांध्यावरून वेल्क्रोची रुंद पट्टी किंवा सलग आच्छादन घाला, आणि गादी भिंतीला चिकटून राहील अशी बांधा, कारण पडण्याच्या धक्क्यांनी ती हळूहळू पुढे सरकते. फोम आणि कापड दोन्ही आगीला दाद न देणाऱ्या प्रतीचं असल्याचं प्रमाणपत्र मागा. जळणाऱ्या फोमचा धूर आगीपेक्षा आधी माणसाला गाठतो.

होल्ड लावायचे कसे? मोठ्या जिममध्ये रूट सेटर दर काही आठवड्यांनी भिंतीवरचे होल्ड उतरवून नवे प्रॉब्लेम, म्हणजे चढायचे नवे मार्ग, लावतात. सभासदांच्या बळावर हे दोन-तीन फेऱ्या उत्साहाने होतं, नंतर दमछाक होते. स्प्रे वॉल बांधा: होल्ड दाटीने, कायमचे लावलेले, प्रॉब्लेम माणसांनी मनाने रचायचे आणि वहीत किंवा ॲपमध्ये टिपायचे. दुसरा पर्याय मूनबोर्डसारख्या प्रमाणित बोर्डाचा. त्यात होल्ड आणि त्यांच्या जागा ठरलेल्या, कोनही ठरलेला, बहुधा ४० अंशांचा, प्रॉब्लेम ॲपमधून दिव्यांनी दिसतात. पण हे बोर्ड नवशिक्याला फार कठीण जातात. निव्वळ तेवढ्यावर राहिलात तर वर्षभरात तुमचे सगळे सभासद एकाच पातळीचे असतील आणि नवं कोणी टिकणार नाही. निदान एक तुकडा उभा किंवा १० अंशांचा ठेवा, मोठ्या, हाताला बऱ्या वाटणाऱ्या होल्डचा. प्रत्येक होल्डला मधल्या बोल्टखेरीज एक छोटा स्क्रू मारा, म्हणजे तो हातात फिरणार नाही.

हवा हा विषय यादीतून हमखास सुटतो. १९५० च्या दशकात जॉन गिल यांनी जिम्नॅस्टिक्समधून क्लायंबिंगमध्ये चॉक आणला. तो म्हणजे हात कोरडे ठेवणारी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड, आणि बंद खोलीत तिची धूळ तासन्‌तास तरंगते. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा अशी दोन्ही सोय हवी, फक्त फिरणारे पंखे लावले तर तीच धूळ घुसळली जाते. द्रव चॉक वापरला की धूळ स्पष्ट कमी होते, तो सक्तीचा करायचा की नाही हे सभेत पहिल्याच दिवशी ठरवा. झाडू मारू नका, बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम घ्या.

पैशांचा हिशोब करताना सभासदसंख्या आणि क्षमता या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. बोर्डावर एका वेळी एकच जण चढतो. पाच-सहा जण आळीपाळीने आले तर मजा येते, दहा झाले की अर्धी संध्याकाळ गादीच्या कडेला बसून जाते. सगळ्यांना यायचं असतं कामावरून सुटल्यावर, त्याच तीन तासांत. शिवाय बाहेर हवा चांगली झाली की क्लायंबर खऱ्या खडकाकडे पळतात आणि वर्गणी थांबवायला बघतात. म्हणून वर्गणी वार्षिक किंवा सहामाही ठेवा, निदान तीन महिन्यांचं भाडं हात न लावता बाजूला ठेवा, आणि गाद्या पुन्हा घ्याव्या लागतील त्यासाठी पहिल्या महिन्यापासून वेगळी रक्कम टाका.

कामांची वाटणी हा सगळ्यात नाजूक भाग. होल्ड लावायला सगळे येतात, संडास धुवायला कोणी येत नाही. हे माणसांच्या वाईटपणामुळे होत नाही. प्रत्येकाला वाटतं की आपण काहीतरी केलंय. सफाई आणि हिशोबनीस यांना पैसे द्या, तो खर्च वर्गणीत धरा, भांडणं निम्मी होतात. उरलेल्या प्रत्येक कामाला दोन नावं लावा, एक जण गावाला गेला तरी काम अडणार नाही. गाद्या आणि बोल्टांची तपासणी मात्र 'सगळ्यांची जबाबदारी' असू नये. तारीख, नाव, काय पाहिलं, काय दुरुस्त केलं, असं वहीत लिहिलं गेलं पाहिजे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिली ती वही मागेल.

किल्ल्यांची नक्कल होते, म्हणून प्रत्येक सभासदाला स्वतंत्र कोड देणारं कुलूप लावा. वर्गणी थांबली की कोड बंद. एकट्याने चढायचं नाही हा नियम पहिला ठेवा आणि तो सगळ्यांना सारखाच लावा, संस्थापकांनाही. कोड देण्याआधी प्रत्येकाला पडायला शिकवा: गुडघे वाकवून दोन्ही पायांवर यायचं, मागे लोळायचं, हात छातीशी. मागे हात टेकला की मनगट किंवा कोपर जातो. बोटातल्या अंगठ्या काढायच्या, खाली कोणी असेल तर चढायचं नाही, बाटल्या आणि ब्रश गादीवर ठेवायचे नाहीत. दाराजवळ प्रथमोपचाराची पेटी, आणि तिच्या वर जागेचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत. घाबरलेल्या माणसाला फोनवर पत्ता आठवत नाही. मुलांसाठी दार पहिल्या सहा महिन्यांत उघडू नका. त्याला वेगळी देखरेख आणि वेगळे नियम लागतात, ते सवडीने, नीट करा.

उघडण्याआधी दोन आठवडे फक्त संस्थापकांनी चढावं. नवं लाकूड बसतं, बोल्ट सैल पडतात, गाद्या सरकतात. या काळात दर दोन दिवसांनी प्रत्येक बोल्ट हाताने तपासा, चौकटीचे सांधे टॉर्च लावून मागून बघा, कोणती गादी किती सरकली ते खडूने आखून ठेवा. त्या खुणांवरून गाद्या पुन्हा बांधा, आणि मगच पहिले कोड वाटा.