केजीएफमधल्या जुन्या घरांची नोंद कशी करावी

कोलार गोल्ड फील्ड्समध्ये (केजीएफ), म्हणजे कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणींच्या गावात, कॅमेरा आधी वळतो तो साहेबांच्या बंगल्यांकडे. नोंद करायची असेल तर सुरुवात कामगारांच्या लाइनींपासून, म्हणजे त्यांच्या ओळीनं बांधलेल्या खोल्यांपासून करा. बंगल्यांचे फोटो भरपूर आहेत. लाइनीतली खोली मात्र एका पावसाळ्यात बदलते. पडवी बंद होते, कौलांच्या जागी पत्रे येतात, आणि मूळ माप कुठेच उरत नाही.

बंगारपेठहून मारिकुप्पमला जाणाऱ्या रेल्वेच्या फाट्यावर ऊरगाम किंवा चॅम्पियनला उतरा. खाण 28 फेब्रुवारी 2001 ला बंद झाली, पण घरांत माणसं राहतात; आधी विचारा, मग टेप काढा. खाणीच्या कुंपणात शिरू नका. सायनाइडच्या प्रक्रियेतून उरलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवर चढू नका आणि वारा सुटला की त्यांच्या बाजूला काम करू नका.

दोघं जण हवेत. सोबत 30 मीटरची टेप, 5 मीटरची स्टीलची टेप, ओळंबा, ग्राफ पेपर आणि फोटोत ठेवायला 50 सेंटिमीटरची काळी-पांढरी पट्टी.

खोलीच्या चार भिंती मोजल्या की झालं असं वाटतं. दोन्ही कर्णही मोजा. जुन्या खोल्या क्वचितच काटकोनात असतात, आणि कर्ण नसले तर कागदावर तुम्ही नकळत नीट आयत काढता. भिंतीवरची दारं-खिडक्या तुकड्यातुकड्यानं मोजू नका. एका कोपऱ्यात शून्य धरा, टेप ताणून ठेवा आणि एकामागून एक आकडे लिहा: 0.85, 1.80, 3.10. तुकडे मोजले तर प्रत्येक वेळची अर्धा-एक सेंटिमीटरची चूक साचत जाते. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मिळते.

तड्यांना वेळ द्या. इथे खोल खाणीत खडकावरचा दाब अचानक सुटून ‘रॉक बर्स्ट’ व्हायचे आणि वरची घरं हादरायची. पाया खचला की तडा बहुधा एकाच दिशेला तिरका, पायऱ्यापायऱ्यांनी जातो. हादऱ्यानं भिंत दोन्हीकडे हलते, म्हणून दोन खिडक्यांच्या मधे फुलीसारखे तडे दिसू शकतात. एका घरावरून निकाल देऊ नका, त्याच ओळीतली चार घरं बघा. तडा वाढतोय का, हे पाहायला त्याच्यावर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी बसवा: 10 सेंटिमीटर लांब, 3 रुंद, 5 मिलिमीटर जाड. तारीख त्यावरच लिहा. आधी तेवढ्या जागेचा रंग आणि सुटा गिलावा खरवडून घ्या, नाहीतर पट्टी तडकण्याऐवजी सुटून येते आणि काहीच कळत नाही.

गिलावा चाकूच्या टोकानं हळूच खरवडा. चुन्याचा असेल तर भुसभुशीत पांढरट भुगा आणि मधे चुन्याचे पांढरे खडे; सिमेंट करडं आणि कडक. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट फासलं असेल तर जमिनीपासून हात-दीड हातावर पोपडे शोधा. भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही, ती वर चढते.

वय ठरवताना वायरिंगवर विसंबू नका. कावेरीवरच्या शिवनसमुद्र जलविद्युत केंद्राहून इथे वीज आली 1902 मध्ये, पण लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग त्याआधीच्या घरातही नंतर ठोकलेली असू शकते. लाकडी पट्टी चुन्याच्या थरांच्या वर आहे की खाली, ते बघा आणि काळी-पांढरी पट्टी ठेवून जवळून फोटो घ्या.

मापं त्याच संध्याकाळी कागदावर चढवा. कर्ण जुळला नाही तर दुसऱ्या दिवशी तेवढी एकच खोली पुन्हा मोजावी लागते.