होम्स विरुद्ध ड्रॅक्युला: कादंबरी लिहायला घेण्यापूर्वी

शेरलॉक होम्स आणि काउंट ड्रॅक्युला यांना एका कथानकात आणायचे ठरवले, की पहिली अडचण भुताखेतांची नसते, तारखांची असते. ४ मे १८९१ रोजी स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाखच्या धबधब्यापाशी होम्स नाहीसा होतो आणि १८९४ च्या वसंतात लंडनला परततो. ड्रॅक्युलाच्या कादंबरीत साल दिलेले नाही, परंतु ब्रॅम स्टोकरच्या टिपणांतले तारीख-वार १८९३ च्या कॅलेंडरशी जुळतात. म्हणजे काउंट लंडनमध्ये वावरत असताना होम्स जगाच्या लेखी मेलेला असतो. उलट, १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाच्या शेवटच्या टिपणात या घटनांना सात वर्षे झाल्याचे कादंबरीतला तरुण वकील जोनाथन हार्कर लिहितो, आणि त्या हिशेबाने सगळे प्रकरण १८९० मध्ये नेता येते. मात्र १८९० मधल्या केवळ तीन प्रकरणांच्या नोंदी आपल्याजवळ आहेत, असे होम्सचा मित्र आणि त्याच्या कथांचा निवेदक वॉटसन याने स्वतःच लिहून ठेवलेले आहे. चौथ्या प्रकरणाची नोंद त्याने का दडवली, याचे पटणारे उत्तर तुमच्यापाशी नसेल, तर १८९० ची वाट धरू नये. या प्रकारच्या कादंबऱ्यांचा वाचक तारखा मोजत वाचतो आणि चूक सापडली की मनापासून खूश होतो.

मूळ लेखकाची पात्रे आणि त्याचीच धाटणी घेऊन लिहिलेल्या अशा कादंबरीला पॅस्टिश म्हणतात. हक्कांची चिंता आता उरलेली नाही: स्टोकर १९१२ मध्ये वारला, होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉईल १९३० मध्ये, आणि होम्सच्या शेवटच्या कथांवरचा अमेरिकेतला हक्कही २०२३ च्या आरंभी संपला.

पूर्वसुरींचे वाचन मात्र आवश्यक आहे. १९७८ या एकाच वर्षी लॉरेन एस्टलमन आणि फ्रेड सेबरहेगन या दोन अमेरिकी लेखकांनी ही जोडी जुंपली. एस्टलमनने निवेदन वॉटसनकडे ठेवले आणि स्टोकरच्या घटनांच्या मधल्या फटींतून होम्सला हिंडवले. सेबरहेगनने प्रकरण १८९७ च्या लंडनमध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या दिवसांत नेले आणि निम्मे निवेदन खुद्द काउंटच्या तोंडी घातले. माझ्या मते दुसरा मार्ग अधिक धाडसी आहे, पण नवख्याने पहिला धरावा, कारण तिथे मूळ पुस्तक पावलोपावली लिहिणाऱ्याचा हात धरून असते.

काउंटचे नियम सिनेमातून उचलू नयेत. सूर्यप्रकाशाने रक्तपिपासू मरतो, ही कल्पना १९२२ च्या एका जर्मन मूकपटाने रूढ केली. स्टोकरचा काउंट दिवसाढवळ्या पिकॅडिलीत उभा राहून एका सुंदर मुलीकडे टक लावून पाहतो, फक्त दिवसा त्याची शक्ती क्षीण झालेली असते. बोलावल्याशिवाय त्याला प्रथम घरात शिरता येत नाही. वाहते पाणी तो पूर्ण भरतीच्या वेळी किंवा पाणी थबकलेले असतानाच ओलांडू शकतो, एरवी त्याला कोणीतरी वाहून न्यावे लागते. हे नियम अंधश्रद्धा म्हणून वाचले, तर होम्सला करण्यासारखे काही उरत नाही. वेळापत्रक म्हणून वाचले, तर ते त्याच्याच हातचे काम होते. टेम्स नदी लंडनमध्ये भरती-ओहोटीची आहे आणि भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. दक्षिण तीरावर एखाद्या रात्री कोणावर हल्ला झाला, की होम्सने भरतीचे कोष्टक उघडावे आणि त्या रात्री आपल्या माणसाला नदी केव्हा ओलांडता आली असती, याचा हिशेब मांडावा. गुन्हेगार मनुष्य आहे की नाही, हा वाद तेवढ्यापुरता बाजूला राहतो.

दुसरा धागा पेट्यांचा, आणि तो स्टोकरने जवळजवळ तयारच ठेवलेला आहे. काउंटला विसाव्यासाठी मायदेशची माती लागते, म्हणून तो तिच्या पन्नास पेट्या घेऊन येतो. लंडनजवळच्या पर्फ्लीट इथे त्याने विकत घेतलेल्या कारफॅक्स वाड्यात त्यांपैकी २९ सापडतात. उरलेल्या २१ पैकी सहा चिकसँड स्ट्रीटला, सहा टेम्सपलीकडे बर्मंडसीला आणि नऊ पिकॅडिलीतल्या घरात गेलेल्या असतात. पिकॅडिलीत हातात येतात आठच. हा सगळा तपास हार्कर हमालांना गाठून आणि वकिली कागदपत्रे चाळून करतो, म्हणून होम्सला तोच तपास पुन्हा करायला लावू नये. हार्करने ऐकून सोडून दिलेले त्याला पकडू द्यावे. ब्लॉक्सम नावाचा गाडीवाला सांगतो की पर्फ्लीटला एका म्हाताऱ्याने पेट्या उचलायला हात लावला, माणूस इतका किडकिडीत की सावलीही पडू नये, पांढऱ्या मिशांचा, आणि तरी आपल्याला धाप लागली असताना तो चहाचे पुडे उचलावेत तसा पेट्या उचलत होता. पिकॅडिलीला पोचून घंटा वाजवली, तर दार उघडायला तोच हजर. हार्करला पेट्यांचा आकडा हवा असतो, तो मिळताच तो निघून जातो. होम्सने इथे थांबावे. गाडी कोणत्या रस्त्याने आली, घोडे कुठे बदलले, त्या वेळी पर्फ्लीटहून लंडनला जाणारी आगगाडी होती का, हे त्याने एकेक करून विचारावे आणि अखेरीस मुकाट्याने पाइप पेटवावा. माणसाला अशक्य असलेला वेग वाचकाला त्या शांततेतूनच कळला पाहिजे.

होम्सच्या श्रद्धेचा प्रश्न तरीही सुटत नाही. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ससेक्सच्या रक्तपिपासूच्या कथेत तो भुताखेतांना आपल्या कामात थारा नाही असे ठणकावतो, आणि तान्ह्या बाळाच्या मानेवर ओठ टेकलेली आई विष शोषून काढत होती, असे अखेर सिद्ध करतो. तुमची कादंबरी त्या प्रकरणाच्या आधी घडत असेल, तर त्या ठणकावण्याला वेगळाच रंग चढतो: माणूस जे पाहून बसला आहे तेच तो नाकारत असतो, आणि वॉटसनला ते ठाऊक असते. ही संधी दवडू नये.

काउंटचा माग काढणाऱ्या मंडळींचा म्होरक्या, प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग, याला शक्य तितके दूर ठेवावे. त्याला सगळे आधीच माहीत असते, आणि सर्व जाणणारा प्राध्यापक शेजारी बसला की गुप्तहेर प्रेक्षक बनतो. सुदैवाने मूळ पुस्तकातही तो अधूनमधून अ‍ॅमस्टरडॅमला जातो. महत्त्वाचे प्रसंग त्या दिवसांत घडवावेत.

मराठीत लिहिताना संबोधनांचा निर्णय पहिल्याच पानावर घ्यावा. होम्स आणि वॉटसन एकमेकांना आडनावाने हाक मारतात, पण ती जवळीक आहे, म्हणून त्यांच्यात ‘तू’ शोभते. ‘माझ्या प्रिय वॉटसन’ हे मराठी माणसाच्या तोंडी कधीच येणार नाही, तिथे नुसते ‘अरे वॉटसन’ पुरते. काउंटने मात्र सर्वांना ‘आपण’ म्हणावे, अगदी धमकी देतानाही. अफगाण युद्धावर जाताना वॉटसन मुंबईत उतरला होता, एवढ्या आधारावर काउंटला मुंबईकडे वळवण्याचा मोह होईल, तो आवरावा.

शेवट स्टोकरने अडवून ठेवलेला आहे. ६ नोव्हेंबरला ट्रान्सिल्व्हानियात हार्करची कुकरी आणि त्याचा अमेरिकी साथीदार क्विन्सी मॉरिसचा चाकू काउंटला संपवतात, आणि त्या बर्फात होम्सला जागा नाही. त्याचा विजय त्याआधी, लंडनमध्येच व्हायला हवा. नववी पेटी डूलिटल धक्क्यावरून व्हार्नाला निघालेल्या जहाजावर चढते, काउंट त्या दिवशी घाईत का होता आणि लंडनमध्ये त्याला टेकायला एकही जागा का उरली नव्हती, याचे अर्धे श्रेय हार्करच्या मंडळींचे असते. उरलेले अर्धे कोणाचे, हे दाखवणारा प्रसंग धक्क्यावरच लिहावा: धुके, शिव्या घालणारा कप्तान, आणि खिशात भरतीचे कोष्टक घेऊन उभा असलेला एक उंच माणूस, जो जहाज अडवत नाही.